करपलेलं दूध

रहस्यकथा लिहायला लागल्यापासून मी एक वही ठेवते. कोणती कथा कुठल्या मासिकाकडे, कधी पाठवली, काय उत्तर आलं. त्या दिवशी वहीप्रमाणे सहा कथा बाहेर होत्या, सातवी अर्धी लिहून टेबलावर होती आणि आठवीची प्रुफं रात्रीपर्यंत तपासून परत करायची होती. संध्याकाळी एका वाचनालयात त्याच आठव्या कथेचं वाचन होतं.

सकाळचा दीड तास अर्ध्या कथेला दिला. तीन परिच्छेद झाले. त्यानंतरचा दिवस आठवीच्या प्रसिद्धीत गेला: साठ सेकंदांचं ध्वनिमुद्रण, चार ओळींची ओळख, वाचकांच्या पत्रांना उत्तरं. त्या चार ओळींनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. कादंबरीची पहिली पन्नास पानं सांगून टाकली तरी पुढे पुष्कळ उरतं. रहस्यकथेची ओळख दोन वाक्यं लांबली की खुनी उघडा पडतो. हा सगळा वेळ लिहिण्यातून कापला जातोय असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं, आणि त्याच मनःस्थितीत मी वाचनाला गेले.

कथा थोडक्यात अशी. एक म्हातारा वकील अभ्यासिकेत मरून पडलेला. समोर अर्धा कप कॉफी, त्यात सायनाइड. कप आणून दिला होता सेक्रेटरीनं. सायनाइडला कडू बदामासारखा वास येतो, पण तो सगळ्यांनाच जाणवतो असं नाही. बऱ्याच माणसांना जन्मतःच तो येत नाही. हे मी नीट वाचून घेतलं होतं आणि कथेतल्या डॉक्टरलाच तसा दाखवला होता. त्यामुळे ‘‘कपाला बदामाचा वास येतोय’’ हे पहिल्यांदा म्हणतो तो वकिलाचा पुतण्या. तिथून संशयाची सुई सेक्रेटरीकडे वळते आणि शेवटी तीच खुनी ठरते.

वाचनाच्या वेळी मी शेवटच्या पानाआधी थांबते आणि श्रोत्यांना विचारते, कोण असेल? त्या दिवशीही विचारलं. दोघातिघांनी सेक्रेटरी सांगितली. मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘पुतण्या.’’

‘‘का वाटलं तुम्हाला?’’

‘‘अहो, त्याला सर्दी झालीय ना. सुरुवातीला स्वयंपाकघरात दूध करपतं, घरभर वास सुटतो, सगळे धावतात आणि हा तिथेच शेजारी पेपर वाचत बसलेला असतो. ज्याला करपलेलं दूध कळलं नाही त्याला तासाभरात बदाम कसे कळले? कपात काय आहे ते त्याला आधीच ठाऊक होतं.’’

ती सर्दी मी पावसाळी दिवसाचं वातावरण यावं म्हणून घातली होती. दूध करपतं ते घरातली गडबड दिसावी म्हणून. या दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत हे मला लिहिताना दिसलं नाही, चार वेळा तपासतानाही दिसलं नाही.

ठरल्याप्रमाणे मी माझा शेवट वाचला. टाळ्या पडल्या. बाईंनी पुन्हा हात वर केला. ‘‘मग त्याला वास कसा आला?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं. कार्यक्रमानंतर त्यांना गाठलं तेव्हा म्हणाल्या, ‘‘एका आजारपणानंतर मला वास येणं बंद झालं. चार वर्षं झाली. गोष्टीत कुणी वास घेतला की माझं लक्ष तिथेच अडकतं.’’

इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये गुप्तहेर-कथांसाठी दहा नियम मांडले. त्यांतला एक असा, की गुप्तहेराला सापडलेला धागा त्यानं वाचकापुढे ठेवलाच पाहिजे. माझ्या शेवटात सेक्रेटरीचं एक पत्र निघत होतं, जे वाचकाला आधी कुठे दिसलेलंच नव्हतं. ते लिहितानाच टोचलं होतं, पण अंकाची तारीख जवळ आली म्हणून मी तसंच पुढे रेटलं. बाईंनी सांगितलेला शेवट मात्र पूर्णपणे वाचकाच्या डोळ्यांसमोर होता.

वाचनालयाच्या पायरीवरूनच संपादकांना फोन लावला. ते आधी गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘पानं लागलीयत. सकाळी सातला छपाईला जातील. तुम्ही शेवट बदला, पण एक ओळ वाढता कामा नये. शेवटच्या पानाखाली जागाच नाही.’’

शेवटच्या पानावर चौतीस ओळी होत्या. पत्र काढून टाकल्यावर अकरा मोकळ्या झाल्या आणि त्या अकरांत पुतण्याचा सगळा हिशेब बसवायचा होता. आधीच्या पानांवर सेक्रेटरीचा हात थरथरतो ते वाक्य मी राहू दिलं; आता तो चकवा झाला. दुधाच्या प्रसंगाला हात लावला नाही. तिथे एक शब्द जरी ठळक केला असता तरी धागा उघडा पडला असता, आणि बाईंना तो आहे तसाच दिसला होता. डॉक्टरच्या तोंडचं एक वाक्य बदललं: ‘‘मला हा वास येत नाही, मी तुमच्या नाकावर विसंबलो.’’ गुप्तहेर त्यावर पुतण्याला फक्त एवढंच विचारतो, की सकाळी दूध केव्हा करपलं. हे एक वाक्य सुचायला पहाटेचे तीन वाजले. आधीच्या सगळ्या खटाटोपात गुप्तहेर फार बोलत होता.

सव्वासहाला प्रुफं पाठवली. सातला पाच मिनिटं असताना उत्तर आलं: ‘‘बसलं.’’

अंक निघाल्यावर पहिली प्रत त्या वाचनालयात दिली, बाईंसाठी. आठवड्यानं ग्रंथपालांचा फोन आला. बाईंनी अंक वाचून परत केला होता, शेवट आवडल्याचं सांगितलं होतं आणि विचारलं होतं, की अभ्यासिकेचं दार बंद होतं तर मांजर आत कुठून आलं?

मी अंक काढून पाहिलं. दुसरं पान, अकरावी ओळ: खिडकी अर्धी उघडी आहे. तसा निरोप दिला.