गाडीचा मागचा दिवा घरीच बदलला

मी रोज कराडहून पाटणकडे शाळेला जाते. नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की संध्याकाळी या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारे शेंडे, आणि पुष्कळदा मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. वळण घेतलं की एकदम समोर काळी भिंत. अशा बिनदिव्याच्या ट्रॉल्यांचा मला फार राग येतो. म्हणूनच गेल्या हंगामात पेट्रोल पंपावर एका दुधाच्या टेम्पोवाल्या दादांनी काच खाली करून सांगितलं, "ताई, तुमचा डाव्या हाताचा मागचा दिवा बंद आहे. मला मोटारसायकलच वाटली," तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दोन दिव्यांतला एकच दिसत होता, म्हणजे मागच्या माणसाला निम्मी गाडी दिसतच नव्हती.

कारण मला माहीत होतं. जूनमध्ये गाडी मागे घेताना उभ्या ट्रॉलीचा कोपरा लागून टेल लाइटची काच तडकली होती. मी त्यावर लाल चिकटपट्टी लावली आणि पावसाळा तसाच काढला. आमच्याकडचा पाऊस चिकटपट्टीला दाद देत नाही.

आधी चाळीस रुपयांचा बल्ब आणून घातला. पेटला नाही. वर एक विचित्र प्रकार दिसला: ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटायचा. गॅरेजवाल्यांकडे हंगामाची कामं तुंबलेली, ते म्हणाले चार दिवसांनी गाडी सोडा. चार दिवस अंधारात तशीच चालवायची माझी तयारी नव्हती.

माझे सासरे, आप्पा, एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होते. आता हात थरथरतात, जवळचं नीट दिसत नाही. मी ब्रेक दाबून इंडिकेटरचा प्रकार सांगितला, तर ते जागेवरून न उठताच म्हणाले, "अर्थिंग गेलंय. करंटला माघारी जायला वाट लागते, बाई. त्याची वाट गंजली की तो शेजारच्या बल्बातनं वाट काढतो." मग म्हणाले, "सामान आण. मी सांगतो, तू कर."

सामान आणताना दोन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे बाजू. दुकानदार विचारतो, "लेफ्ट का राइट?" ही बाजू ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे बघताना जी येते ती. गाडीच्या मागे उभं राहिलं तरी तीच येते, पण बोनेटकडून बघून सांगितलं की हमखास चुकतं. दुसरी म्हणजे मॉडेल. नाव तेच असलं तरी मधल्या वर्षात कंपनीने दिव्याचा आकार बदललेला असू शकतो, म्हणून आरसी बुक आणि चॅसिस नंबर बरोबर ठेवावा. मला ओरिजिनल एकोणीसशेला आणि लोकल साडेसातशेला मिळत होता. लोकलच्या कडेची रबरी पॅकिंग बोटाने दाबली तर पापडासारखी कडक. पाणी शिरूनच सगळं झालं होतं, म्हणून मी ओरिजिनल घेतला. त्यात बल्ब आणि होल्डर मिळत नाहीत, जुन्यावरचे काढून लावावे लागतात, हे विचारून घेतलं ते बरं झालं.

रविवारी सकाळी अंगणात गाडी लावली. किल्ली काढली. आप्पा खुर्ची टाकून डिकीजवळ बसले. हत्यारं थोडकीच: दहा नंबरचा बॉक्स पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, बारीक पॉलिशपेपर, जुनं लुगडं.

डिकी उघडली की दिव्याच्या आतल्या कडेला दोन बोल्ट दिसतात. पाना लावणार तेवढ्यात आप्पांनी थांबवलं. दिव्याच्या खाली बंपर आणि पत्रा यांच्यात बोटभर फट असते, तिच्यात बोल्ट पडला तर बंपर खोलल्याशिवाय हाती लागत नाही. तिथे लुगड्याचा बोळा कोंबला. दुसरा बोल्ट खरोखरच हातातून सुटला आणि त्या बोळ्यावर अलगद बसला.

बोल्ट निघाले, पण दिवा हलेना. मी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणार होते. आप्पा जोरात ओरडले, "रंग उडवशील! सरळ मागं ओढ, तिरकं नको." बाहेरच्या कडेला दिव्याला प्लॅस्टिकच्या दोन खुंट्या असतात आणि त्या पत्र्यातल्या रबरात घट्ट बसलेल्या असतात. बाजूला ओढलं तर खुंटी मोडते. दोन्ही हातांनी दिवा धरून सरळ माझ्याकडे ओढला, एक खालून हिसका दिला. टक. मग दुसरी, टक. दिवा हातात आला आणि त्यातून अर्धा कप गढूळ पाणी माझ्या पायावर सांडलं.

काचेच्या आत शेवाळाची हिरवी रेघ होती, तळाशी मेलेल्या मुंग्या. होल्डर पाव फेरा डावीकडे फिरवला की बाहेर येतो. तो उन्हात धरला तर पितळी पट्ट्यांवर हिरवट पांढरा थर चढलेला, वाळलेल्या चुन्यासारखा. इतके महिने मी आरशात बघून केस नीट केले, गाडी पुसली, आणि हे इथे आत साठत होतं. खरं सांगते, वाईट वाटलं.

ब्रेकचा बल्ब मी पहिल्यांदाच नीट बघितला. त्यात दोन तारा असतात: पार्किंगसाठी ५ वॅटची, ब्रेकसाठी २१ वॅटची. बाजूच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या, म्हणजे बल्ब एकाच बाजूने बसतो. उलटा घालून जोर करायचा नाही. दाबायचा, फिरवायचा, बसत नसेल तर अर्धा फेरा फिरवून पुन्हा. इंडिकेटरचा बल्ब एकाच तारेचा असतो, माझ्या गाडीत तो नारिंगी होता.

पट्ट्या पॉलिशपेपरने घासल्या. पिवळं पितळ दिसेपर्यंत आप्पांनी हातातून पेपर खाली ठेवू दिला नाही. दिसत कमी असलं तरी पट्टीवरून नख फिरवून त्यांना कळत होतं. "अजून खरखरतंय." मग डिकीतलं आतलं कव्हर सरकवून काळी तार शोधली. तीच अर्थिंगची. तिचं टोक एका स्क्रूने पत्र्याला बसवलेलं होतं आणि तो स्क्रू तांबड्या गंजाने फुगला होता. स्क्रू काढला, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रू नवा टाकला. प्रत्येक जोडावर पेट्रोलियम जेलीचं बोट. एसटीच्या बॅटऱ्यांच्या टोकांना ते हेच लावायचे.

कपलर, म्हणजे दिव्याच्या तारांचा प्लग, जोडला, पण दिवा अजून बसवला नाही. आधी तपासायचं, मग कसायचं. मी आत बसले, आप्पा मागे. पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स, एकेक करून. ब्रेक दाबला. इंडिकेटर मंद पेटला नाही. "लागला! आपल्या आपणच लागला!" आप्पांचा आवाज डेपोतल्यासारखा मोठा झाला. कोणी जोडीला नसेल तर मोबाइल मागे टेकवून व्हिडिओ चालू करावा, किंवा गाडी भिंतीला पाठ करून लावावी. आरशात उजेड दिसतो.

दिवा बसवताना खुंट्या रबरात नीट शिरल्याचा आवाज ऐकायचा, पॅकिंग दुमडलेली नाही हे बोट फिरवून बघायचं. बोल्ट हाताने बसवून मग पाना फक्त टेकवायचा. जोर केला तर नवं प्लॅस्टिक तडकतं. शेवटी दोन बादल्या पाणी दिव्यावर ओतलं आणि डिकीत हात घालून बघितलं. कोरडं.

आप्पांचं समाधान तेवढ्याने झालं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं आहे, ते नोकरीत असल्यापासून त्यांच्या डोक्यात बसलेलं. आमच्या रस्त्यावर विजेचे खांब साधारण पन्नास मीटरवर आहेत. अंधार पडल्यावर ते काठी घेऊन तिसऱ्या खांबापलीकडे चालत गेले. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. जवळचं दिसत नाही, पण लांबचं त्यांना अजून चांगलं दिसतं. तिथून फोन.

"दाब."

दाबला.

"सोड. आता डावा दाखव. बरं. पुन्हा दाब."

"दिसतंय का, आप्पा?"

"दोन्ही दिसतायत. सारखे."

फोन ठेवून ते परत निघाले. रस्त्यावर त्या बाजूला दिवा नाही. मी ब्रेकवरचा पाय काढला नाही. आरशात आधी काहीच दिसेना, मग काठीचा आवाज, मग त्यांचं धोतर हळूहळू लाल होत जवळ आलं. ते डिकीवर हात टेकून उभे राहिले, तेव्हा पाय उचलला.