'वाय' दाबायचं, असं मीच लिहून दिलं होतं

"सर, मशीन गेलं. पैसे भरून द्यावे लागतील का?"

सोळा नंबरच्या मशीनपाशी एस.वाय.ची मुलगी उभी होती. उबुंटू या लिनक्स सिस्टिमचा डेस्कटॉप गायब, काळ्या पडद्यावर लॉगिन मागणारी एकच ओळ.

मी तालुक्याच्या कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. वीस मशीन, वीस-वीसच्या बॅचेस, आणि जुलै सगळा इन्स्टॉलेशनमध्ये जातो. टर्मिनलवर पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, त्यामुळे कीबोर्ड बिघडला म्हणणारी मुलं दर बॅचला असतात. सकाळी मशीन चालू झाली की उबुंटू मागच्या मागे अपडेट घेतं, तेवढा वेळ ॲप्ट, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायची-काढायची कमांड, 'लॉक मिळत नाही' म्हणून अडून बसतं. हे सगळं सवयीचं. डेस्कटॉपच नाहीसा झालेला मी पहिल्यांदा पाहत होतो.

काय टाइप केलं, हे ती घाबरून सांगेना. ॲप्ट स्वतःची नोंद ठेवतं, ती उघडली. तिथे होतं: ॲप्ट रिमूव्ह पायथॉन३, म्हणजे पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषाच काढून टाक. आणि खाली काढून टाकलेल्या पॅकेजेसची लांबलचक यादी.

मग उलगडा झाला. माझ्या हँडआउटमध्ये नमपाय आणि मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या लायब्ररी पिपनं, म्हणजे पायथॉनच्या स्वतःच्या इन्स्टॉलरनं, घ्यायला सांगितलं होतं. जुन्या उबुंटूवर ते चालायचं. २४.०४ या आवृत्तीवर पिप 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' अशी एरर देऊन थांबतं, कारण ॲप्टनं सांभाळलेल्या पायथॉनमध्ये पिपनं ढवळाढवळ करू नये अशी व्यवस्था आता आहे. व्यवस्था योग्यच आहे. तिला मात्र वाटलं, पायथॉनच बिघडलं. घरच्या विंडोजवर करतात तसं तिनं ते काढून पुन्हा टाकायचं ठरवलं. उबुंटूचा डेस्कटॉप पायथॉनवर टेकलेला असतो हे तिला कोण सांगणार? ॲप्टनं विचारलं होतं, एवढं सगळं जाईल, चालेल का? 'हो'साठी 'वाय' दाबायचं असतं. आणि हँडआउटच्या तिसऱ्या ओळीत मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: विचारलं की 'वाय' दाबा.

तिनं सांगितलं तेच केलं होतं. पैसे भरायचा प्रश्नच नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. उबुंटू-डेस्कटॉप परत टाकल्यावर मशीन उठलं. स्टाफरूममध्ये ऐकायला मिळालं, "म्हणून म्हणतो, विंडोज द्या." हे मला पटत नाही. लिनक्सनं आधी विचारलं होतं, न वाचता पुढे जायला मी शिकवलं होतं.

त्या आठवड्यात हँडआउट फाडलं. इक्विव्हज नावाचं टूल वापरून एक मेटापॅकेज केलं. त्यात स्वतःचं काहीच नसतं, फक्त 'मला हे हे लागतं' अशी यादी: सी-कंपायलर जीसीसी, डेटाबेस पोस्टग्रेस, नमपाय, मॅटप्लॉटलिब, सगळं उबुंटूच्याच भांडारातलं. पिप लागतच नाही. पॅकेजची एक डेब फाइल, एक कमांड. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवलं. पहिलं मशीन इंटरनेटवरून उतरवून घेतं, बाकीच्या एकोणीस मशीनना तेच लॅबमधून मिळतं. पूर्वी दोन प्रॅक्टिकल जायची, आता चहा होईपर्यंत बॅच तयार. मला याचा अभिमान आहे.

पण परवा ती मुलगी स्वतःचा लॅपटॉप घेऊन आली. डेब फाइल पेनड्राइव्हवर घेतली, कमांड दिली, ॲप्टनं प्रश्न विचारला आणि ती थांबली. यादीवर बोट ठेवत खालपर्यंत वाचत गेली. म्हणाली, "सर, काय जाणार ते काही न करता आधीच बघता येतं का?" मी तिला ॲप्टचा 'वजा एस' हा पर्याय दाखवला: सगळं करून दाखवतो, बदलत काहीच नाही. तिनं तो वहीत लिहून घेतला.

बाकीच्या एकोणीस जणांनी ती यादी आजवर वाचलेली नाही. माझ्या पॅकेजमुळे त्यांना ती वाचायची वेळच येत नाही. सोमवारी नवी बॅच आहे. फाइल पहिल्या दिवशी द्यायची की एक प्रॅक्टिकल हातानं करून घेतल्यावर, हे अजून ठरत नाही.