पाळक निवडताना आधी काय पाहायचं?

ख्रिस्ती मंडळीत पाळक किंवा वडील (म्हणजे मंडळीचे पुढारी) नेमायची वेळ आली की लोक हमखास विचारतात : माणूस सुंदर उपदेश करतो, मग आणखी काय तपासायचं? तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नव्या करारातली पाळकीय पत्रं उघडा. पौलाचे सहकारी तीमथ्य याला दोन, तीत याला एक. तिन्ही मिळून 13 अध्याय. पत्रांवर नाव प्रेषित पौलाचं आहे, जरी अनेक अभ्यासक ती पुढच्या पिढीची मानतात.

तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातली अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्याच्या, गुणांची यादी सावकाश वाचा. एका स्त्रीचा पती, पाहुणचार करणारा, मद्यपी नाही, मारका नाही, भांडखोर नाही, पैशाचा लोभी नाही, घर नीट सांभाळणारा, बाहेरच्यांतही चांगलं नाव असलेला. कौशल्य म्हणावं असं त्यात एकच आहे, शिकवण्याची हातोटी. बाकीचं घरच्यांना, शेजाऱ्यांना, कामावरच्या माणसांना विचारावं लागतं. उपदेश ऐकून ते कळत नाही.

त्या यादीत ‘नवशिका नको’, म्हणजे नुकताच विश्वासात आलेला नको, अशी अट आहे, कारण तो गर्वाने फुगेल. तीताच्या यादीत मात्र ती नाही. तीमथ्य इफिस शहरात होता, तिथली मंडळी जुनी. तीताला क्रेत बेटावर नगरोनगरी वडील नेमायचे होते. तिथे मुरलेली माणसं बहुधा थोडीच असावीत. म्हणून आपल्या मंडळीचं वय पाहूनच ही अट लावावी, असं मला ठामपणे वाटतं.

खरी गडबड होते ती त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात. वडिलांविरुद्धची तक्रार दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, हे 19वं वचन सगळ्यांना पाठ असतं. तेवढ्यावर थांबलं की ते पुढाऱ्याची ढाल होतं. लगेच 20वं वचन सांगतं की पाप करत राहणाऱ्याला सर्वांसमोर दोष दाखवावा, आणि 21वं बजावतं की पक्षपात नको. तिन्ही वचनं एकत्रच वाचायची. पुढे 22व्या वचनात हात ठेवण्याची, म्हणजे पदावर नेमण्याची, घाई करू नये असं आहे. त्याचं कारण 24व्यात सापडतं : काहींची पापं आधीच दिसतात, काहींची मागाहून. सेवकांची, म्हणजे मंडळीतल्या मदतनिसांचीसुद्धा, आधी पारख, मग सेवा.

मोबदल्याबाबत पत्र संकोच करत नाही. चांगलं काम करणारे वडील दुप्पट सन्मानाला पात्र. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये, हा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला नियम तिथे आधाराला घेतला आहे. मंडळी ज्यांना सांभाळते त्या विधवांच्या यादीत मात्र 60 वर्षांखालचं नाव नको, आणि नातेवाईक असतील तर भार आधी त्यांनी उचलायचा, म्हणजे खऱ्या निराधार बाईला मंडळीचा पैसा पुरतो.

तरीही पैशापायी माणूस घसरतो. दुसऱ्या शतकात स्मुर्ण्याचा अध्यक्ष पॉलिकार्प याने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं, तेव्हा तिथला वालेन्स नावाचा वडील असाच पडला होता. स्वतःला आवरता येत नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार, असं पॉलिकार्प स्पष्ट विचारतो. मग त्याच पत्रात सांगतो की वालेन्सला आणि त्याच्या बायकोला शत्रू समजू नका, त्यांना परत आणा.