हळदीच्या पेढीवर लॅपटॉप सारखा बंद पडायचा: माझा अनुभव

माझ्या हिशेबाच्या कच्च्या वहीत अगदी मागच्या पानावर २० नोंदी आहेत. तारीख, वेळ, जागा, चार्जर लावलेला होता की नाही, बॅटरी किती टक्के होती आणि त्या क्षणी काय काम चालू होतं. या २० ओळींमुळे माझा लॅपटॉप वाचला आणि १४ हजार रुपयेही वाचले. म्हणून ते सगळं सविस्तर लिहिते.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या पेढीवर, हिशेब लिहिते. फेब्रुवारी ते मे हा आमचा हंगाम. सौदे निघाले की दुपारनंतर शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायच्या, म्हणजे वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई वजा करून हातात किती पडणार तो कागद. त्यात मार्च म्हणजे वर्षअखेर. ११ तारखेला जीएसटीचं एक रिटर्न, २० तारखेला दुसरं, ३१ ला खाती मिळवायची. अशा महिन्यात लॅपटॉपने दगा दिला.

पहिल्यांदा झालं तेव्हा समोर अथणीकडचे एक शेतकरी बसले होते. त्यांची एसटी साडेचारची. चार वाजून पाच मिनिटांनी मी प्रिंटचं बटण दाबलं आणि स्क्रीन काळी झाली. निळा पडदा नाही, सूचना नाही, कुठला आवाज नाही. फुंकर मारून दिवा विझवावा तसा विझला. चार्जर लावलेला होता, बॅटरी १०० टक्के होती. बटण दाबलं तर सुरूही होईना. शेवटी कार्बन घालून हातानं पट्टी लिहून दिली. ते बिचारे काही बोलले नाहीत, पण बोटानं ओळीवरून फिरत आकडे दोनदा वाचले. छापील पट्टीवर त्यांचा जेवढा भरवसा असतो तेवढा माझ्या हस्ताक्षरावर नव्हता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. वर्षभराच्या कष्टाचा तो कागद असतो.

दहा मिनिटांनी लॅपटॉप आपोआप नीट सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सुरुवातीला कोणी सांगेल तो उपाय मी करत गेले. एका ओळखीच्यांनी सांगितलं, व्हायरस असणार, फॉरमॅट मारा. फॉरमॅट केलं, सगळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकली, डेटा परत चढवला. मार्चमधले दोन दिवस त्यात गेले आणि तिसऱ्या दिवशी लॅपटॉप पुन्हा बंद. मग सांगलीतल्याच एका दुकानात नेला. तिथल्या माणसाने मागचं झाकण न उघडता, फक्त चालू करून बघितला आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेला. १४ हजार होतील. नाहीतर नवीनच घ्या." मला याचा आजही राग आहे. न उघडता निदान कसं होतं? त्यांच्याकडे तो अर्धा तास चालू होता आणि एकदाही बंद पडला नाही, हेही मी त्यांना सांगितलं. त्यावर उत्तर आलं नाही. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि परत आणला.

त्या रात्री पुण्याला भाच्याला फोन केला. तो कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, नेमका कधी बंद पडतो?"

"कधीही पडतो रे."

"कधीही असं काही नसतं. आठ-पंधरा दिवस प्रत्येक वेळी लिहून ठेव. आणि तोवर काही बदलू नकोस. एका वेळी तीन गोष्टी बदलल्यास तर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही."

११ मार्चपासून मी लिहायला लागले. त्याचबरोबर एक केलं: हिशेबाचा बॅकअप दिवसातून दोनदा पेन ड्राइव्हवर घ्यायला सुरुवात केली. अचानक बंद पडल्यामुळे एकदा डेटाची फाइल बिघडली होती आणि दुरुस्त करताना जीव मुठीत आला होता. ज्यांचा लॅपटॉप असा बंद पडतोय त्यांनी कारण शोधण्याआधी बॅकअप घ्यावा, हे मी कळकळीनं सांगते. लॅपटॉप दुसरा मिळेल, वर्षाचा हिशेब मिळणार नाही.

मग भाच्याने फोनवरूनच विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज स्वतः ठेवतं त्या नोंदींची वही, उघडायला लावला. त्यात विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम म्हणून भाग आहे. तिथे प्रत्येक वेळेची लाल खूण होती: कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१. मला वाटलं, सापडलं! पॉवरचाच बिघाड. तो म्हणाला, "नाही मावशी. हा पंचनामा आहे, चोर नाही. लॅपटॉप पुन्हा सुरू झाल्यावर विंडोज फक्त एवढंच लिहितं की मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो. का, ते त्याला माहीत नसतं." पण त्या नोंदीच्या तपशिलात बगचेककोड म्हणून एक आकडा असतो, तो त्याने वाचायला सांगितला. सगळीकडे शून्य. विंडोज स्वतः कोलमडून निळा पडदा आला असता तर तिथे सहसा काहीतरी दुसरा आकडा असता. शून्य म्हणजे विंडोजला कळायच्या आतच वीज तुटली. म्हणजे माझ्या फॉरमॅटचा काही उपयोग होणारच नव्हता.

यार्डातल्या विजेवरही संशय घेतला. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या कडेला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मालकांनी वायरमन बोलावला, बोर्डाचं अर्थिंग सुटलेलं निघालं, ते जोडून घेतलं. ते करायलाच हवं होतं. पण लॅपटॉप त्यानंतरही बंद पडत राहिला. आणि विचार केला तर लाइट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालायला हवा, त्यामुळे नुसत्या विजेच्या चढउताराने तो असा विझणार नाही.

मार्च संपता संपता वहीत १९ नोंदी झाल्या. ३१ ची खाती कशीबशी मिळवून एक तारखेला रात्री जेवणं झाल्यावर ते पान समोर घेतलं आणि रंगीत पेनाने खुणा केल्या. १३ नोंदी पेढीवरच्या, सगळ्या दुपारी १२ ते साडेचारमधल्या, चार्जर लावलेला. सकाळी १० ते १२ मध्ये पेढीवर एकही नाही. दोन नोंदी घरच्या, दोन्ही वेळा मी पलंगावर गोधडीवर लॅपटॉप ठेवून काम करत होते. राहिलेल्या चार रात्रीच्या, चार्जर काढलेला असताना. त्या चार कुठेच बसत नव्हत्या. मी त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह केलं.

दुपार, गोधडी. इतकं लिहिल्यावर मला भाच्याने सांगायची गरज उरली नाही. उष्णता.

खात्री करायला दोन गोष्टी केल्या. एक, भर दुपारी पेढीवर लॅपटॉप सुरू करून विंडोजमध्ये न जाता बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या, पडद्यावर तसाच ठेवला. तिथे विंडोज नसतं, सॉफ्टवेअर नसतं, व्हायरस नसतो. पंचवीस मिनिटांत बंद पडला. दुसरी, तापमान दाखवणारा एक मोफत प्रोग्राम टाकला. नुसता चालू असताना प्रोसेसर ७० अंशांवर, आणि पट्ट्यांची पीडीएफ करायला लागले की आकडा चढत ९५, ९७, ९९. शंभराच्या आसपास प्रोसेसर स्वतःला वाचवायला वीज तोडतो. म्हणजे लॅपटॉप बिघडत नव्हता, तो स्वतःला जळण्यापासून वाचवत होता.

पंखा तर घरघरत होता. मग बिलबुकाच्या गुलाबी प्रतीची बोटभर पट्टी फाडली आणि लॅपटॉपच्या कडेच्या जाळीसमोर धरली. पंखा पूर्ण जोरात, आणि कागद हलेना. मुलीच्या लॅपटॉपसमोर तीच पट्टी धरली तर फडफडली.

३ एप्रिलला मिरजेला गेले. सतारमेकर गल्लीच्या अलीकडे एक दुरुस्तीवाले आहेत, साठीचे, पूर्वी रेडिओ-टीव्ही करायचे. त्यांना वहीचं पान दाखवलं. त्यांनी चष्मा चढवून पूर्ण वाचलं. मग म्हणाले, "बसा ताई, समोरच उघडतो."

एका कागदावर त्यांनी लॅपटॉपचा चौकोन काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच कागदावर ठेवत गेले, कारण लांब स्क्रू चुकून आखूड स्क्रूच्या जागी गेला तर आतलं काही फुटतं. झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढली. बॅटरी फुगली आहे का ते कडेनं बघितलं. फुगलेली असेल तर तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, चार्ज तर करायचंच नाही, असं त्यांनी बजावलं. माझी फुगलेली नव्हती. मग पंख्याचे स्क्रू काढून पंखा उचलला.

पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांच्या मध्ये एक पिवळी गादी बसली होती. सुपारीच्या खांडाएवढी जाड, कापडाच्या बोळ्यासारखी दाबून बसलेली. त्यांनी चिमट्याने ओढली तर अखंड पट्टी निघून आली. तागाच्या पोत्यांचे धागे, धूळ आणि हळद. ती कागदावर पडली तेव्हा पेढीचा वास आला, सौद्याला पोती फोडून हळकुंडं ओततात तेव्हाचा. चार हंगाम तो लॅपटॉप माझ्याबरोबर ओट्यालगतच्या टेबलावर बसला होता. दहा हातांवर पोती ओतायची, आणि त्याचा पंखा ती हवा पोटातून ओढायचा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही यार्डात पेढे वाटले होते. हळदीवर माझं घर चालतं, तिला काय बोल लावणार? पण ती कुठे कुठे जाऊन बसते याचा विचार मी करायला हवा होता.

प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीत पोचवणारा हा थर असतो. त्यांनी तो अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून काढला, नवी पेस्ट तुरीच्या डाळीएवढी ठेवली आणि ती नळी दाबून धरणाऱ्या धातूच्या पट्टीवर छापलेल्या १, २, ३, ४ या क्रमाने स्क्रू थोडे थोडे आवळले. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, हवेच्या जोराने तो नको तितका फिरला तर बेअरिंग जातं. ७०० रुपये घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेढीवर तापमान बघितलं. नुसता चालू असताना ४८, पट्ट्या छापताना ८१. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असताना! माझ्या डोळ्यात पाणी आलं.

आणि ६ एप्रिलला रात्री साडेनऊला, घरी, लॅपटॉप पुन्हा बंद पडला. विसावी नोंद.

त्या रात्री मी खरंच खचले. मिरजेच्या काकांवर संशय आला, त्या मदरबोर्डवाल्याचं खरं होतं की काय असंही वाटलं. मग वही उघडली आणि प्रश्नचिन्हवाल्या चार नोंदी वाचल्या. रात्र, चार्जर काढलेला, बॅटरी ३६ टक्के. ३१. २८. ३३. आणि आजची ३०. तापमान बघितलं तर जेमतेम ५५. हे दुखणंच वेगळं होतं. दोन आजार एकाच रोग्याला झाले होते आणि लक्षण एकच होतं, म्हणून मी त्यांना एक समजत होते.

भाच्याने कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्लॅश लावून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करायला सांगितलं. एक फाइल तयार झाली. डिझाइन कपॅसिटी, म्हणजे बॅटरी नवी असतानाची क्षमता, ४१,००० मिलिवॉट-तास, आणि आताची फुल चार्ज कपॅसिटी २४,६००. म्हणजे १०० टक्के दिसत होते ते मूळच्या ६० टक्केच. त्याहून महत्त्वाचं त्याने गाडीच्या उदाहरणाने सांगितलं. गाडीची बॅटरी जुनी झाली की हेडलाइट लागतो, पण सेल्फ मारला की सगळंच विझतं. तसं जुन्या बॅटरीवर हलकं काम चालतं, जड काम आलं की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि बॅटरीतलं संरक्षण वीज तोडतं. टक्क्यांचा आकडा हा अंदाज असतो, त्यावर विसंबू नकोस.

पडताळायला तेही करून बघितलं. बॅकअप घेतला, चार्जर काढला, ३४ टक्क्यांवर मुद्दाम मोठी पीडीएफ करायला लावली. गेला. चार्जर लावून तीच पीडीएफ, व्यवस्थित झाली.

बॅटरी मिरजेच्या काकांनीच मागवून बसवली, कंपनीची, साडेतीन हजारांना. जुनी त्यांच्याकडेच ठेवली, कचऱ्यात टाकायची नसते म्हणाले.

आता टेबल ओट्यापासून उचलून आतल्या खोलीत नेलंय. लॅपटॉपखाली लाकडी पट्ट्या ठेवून खालून हवा जायला जागा केलीय. हमाल पोती फोडायला लागले की हाक मारतात, "ताई, झाका ओ!" आणि मी लॅपटॉप बंद करून वर कापड टाकते. महिन्यातून एकदा गुलाबी कागदाची पट्टी जाळीसमोर धरते. वहीतल्या विसाव्या नोंदीखाली १७ एप्रिल, बॅटरी बदलली, एवढंच लिहिलंय. त्याखालचं पान कोरं आहे.