बायपास सोडून गावातून गेलात तरच द्राक्षांचा मुलूख दिसतो

पुणे-नाशिक रस्त्याला आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावाबाहेरून बायपास झालाय. खेड, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर सगळी गावं बाजूला राहतात, गाडी सुसाट जाते आणि मग मंडळी थेट गंगापूर धरणाजवळच्या वायनरीत उतरतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात, दोन ग्लास घेतात, पिझ्झा खातात आणि दुसऱ्या दिवशी परत. आणि सांगतात की नाशिक करून आलो! मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण वाईन ज्या मुलुखात पिकते तो मुलूख त्यांनी बघितलेलाच नसतो. तो सगळा त्या बायपासच्या आत आणि नाशिकच्या पलीकडे, उत्तरेला आणि पूर्वेला पसरलाय.

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, मी, नवरा आणि माझी आई. नवरा दारूला शिवत नाही त्यामुळे गाडी कोणी चालवायची हा प्रश्न आमच्यात येत नाही (तुमच्यात येत असेल तर आधीच ठरवून टाका, चालवणाऱ्याने एक घोटसुद्धा नाही, किंवा सरळ ड्रायव्हर घेऊन जा). आईला चांदवडच्या रेणुकेची ओटी भरायची होती. मला बागा बघायच्या होत्या. दोन्ही एकाच रस्त्यावर आहे हे मला फार आवडलं.

पहिला थांबा नारायणगाव. वाईन म्हटलं की सगळे नाशिक म्हणतात, पण आजच्या महाराष्ट्राच्या वाईनची सुरुवात इथे पुणे जिल्ह्यात झाली, 1980 च्या दशकात, शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने. फेसाळणारी वाईन, ती पण फ्रेंच पद्धतीने, आणि ती परदेशात ओमर खय्याम नावाने विकली जायची. ज्या काळात आपल्याकडे वाईन बघितलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता आली असती त्या काळात नारायणगावची बाटली युरोपात जात होती! पुढे कंपनी बंद पडली. पण सुरुवात त्यांची, आणि ते सांगायलाच पाहिजे.

आणि नारायणगावला लोक ओळखतात ते तमाशाच्या विठाबाईंमुळे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. गुढीपाडव्याच्या आसपास इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक येतात, जत्रेसाठी सुपारी देऊन फड ठरवतात. म्हणजे द्राक्षांचा हंगाम संपत येतो आणि जत्रांचा सुरू होतो, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे असतात ते याच दिवसांत. बायपासवरून यातलं काय दिसणार?

तिथून जुन्नरला वळलो. शिवनेरीवर तर जाताच सगळे, पण जुन्नरच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांची जी नावं कोरलेली आहेत ती बघा. त्यात यवन आहेत, म्हणजे त्या काळचे ग्रीक. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. नाणेघाट इथून जवळच, कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल त्या घाटाने वर यायचा. आणि पश्चिमेकडून येणाऱ्या मालात वाईन असायची हो! भडोचच्या बंदरात इटलीची वाईन उतरायची आणि तिला जास्त मागणी होती असं त्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात लिहिलंय, आणि आपल्या नेवाशाला उत्खननात अँफोराचे तुकडे सापडलेत, म्हणजे निमुळत्या बुडाचे ते मोठे रांजण ज्यातून रोमन लोक वाईन आणि तेल पाठवायचे. वाईन हे नवश्रीमंतांचं फॅड आहे, आपल्या मातीशी त्याचा काय संबंध, असं कोणी म्हटलं की मला हे सगळं सांगावंसं वाटतं. पिकवायला आपण उशिरा लागलो हे खरं. पण ओळख जुनी आहे.

आळेफाटा, चंदनापुरी घाट, संगमनेर हा टप्पा पटकन उरकला. सिन्नरला मात्र गावात शिरलोच.

गोंदेश्वर. तुम्ही नाशिकला जाताना हे देऊळ आत्तापर्यंत किती वेळा चुकवलंय विचारा स्वतःला. यादवांच्या काळातलं, भूमिज शैलीतलं, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं, पार्वती, गणपती, सूर्य, विष्णू, असं पूर्ण पंचायतन. समोर वेगळा नंदीमंडप. देवगिरीच्या आधी यादवांचं बस्तान सिन्नरला होतं, हे शाळेत कधीतरी वाचलेलं असतं आणि सिन्नर म्हटलं की आपल्याला एमआयडीसी आणि विड्यांचे कारखाने आठवतात. शिखरावर एकावर एक रचत गेलेल्या छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा आहेत, सकाळचं तिरपं ऊन पडलं की प्रत्येक रांग सुटी दिसते. आई पायरीवर बसून राहिली, आम्ही दोनदा हाक मारली तरी उठेना.

नाशिकला मुक्काम. गंगापूर रोडला संध्याकाळी गेलो, तिथे जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. तिथल्या सुला वायनरीची गोष्ट मला मनापासून आवडते. राजीव सामंत अमेरिकेतून नोकरी सोडून आले, घरची जमीन होती, आंबा वगैरे करून बघितला आणि मग 1990 च्या दशकाच्या शेवटी शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यॉं ब्लां या वाईनच्या द्राक्षांच्या जाती लावल्या, आईचं नाव सुलभा म्हणून वाईनचं नाव सुला. बाटल्या 2000 साली बाजारात आल्या आणि 2005 ला टेस्टिंग रूम सुरू झाली. तोपर्यंत आपल्याकडे बाई-पुरुष, सासू-सून सगळे एकत्र बसून उजेडात ग्लास हातात घेतायत असं चित्र कुठे होतं? मला शेनिन आवडते, थोडी गोडसर, फळांचा वास येतो, उन्हाळ्याच्या तोंडावर गार करून घ्यावी. आईने वास घेतला, एक घोट घेतला, आंबट आहे म्हणाली आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.

पण त्याच रस्त्यावर आधी आनंदवल्ली लागते, तिथून किती गाड्या नुसत्या निघून जातात. राघोबादादांनी इथे वाडा बांधला आणि गावाला आनंदीबाईंचं नाव दिलं. गोदावरीच्या काठी नवश्या गणपतीचं देऊळ आहे. वायनरीच्या आधी अर्धा तास काढा, एवढंच.

दुसऱ्या दिवशीपासून खरा मुलूख सुरू झाला. दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव बसवंत. मोहाडीला सह्याद्री फार्म्स आहे, शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी उभी केलेली कंपनी, द्राक्षं तिथून युरोपात जातात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागाच बागा आणि थोड्या वेळाने गाडीतूनच ओळखता यायला लागतं की कुठली खायची द्राक्षं आणि कुठली वाईनची. खायच्या बागांना डोक्याच्या उंचीचा मांडव किंवा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे अँगल असतात, घड खाली लोंबतात, वर पानांची सावली. वाईनच्या बागा तारेवर सरळ उभ्या वाढवलेल्या, कुंपणासारख्या ओळी, आणि घड छोटे, मणी छोटे, साल जाड, आत बी. तोंडात टाकलं तर गोड लागतात, खायच्या द्राक्षापेक्षा जास्तच गोड, पण चघळायलाच वेळ लागतो.

पिंपळगावच्या पुढे रस्त्याला लागून एका बागेत थांबलो, काढणी चालू होती. मालक बांधावरच उभे होते, आईला म्हणाले, "या मावशी, सावलीत या, घड खाऊन बघा." मग त्यांच्याशी जे बोलणं झालं त्याने मला अख्ख्या ट्रीपमधलं सगळ्यात जास्त शिकवलं. आपल्याकडे युरोपसारखी बर्फाची थंडी नाही, वेल झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटायचा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा नुसत्या काड्या तयार करायच्या, फळ धरायचंच नाही. मग पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या आसपास गोड्या बहाराची छाटणी, त्यातून जो घड येतो तो जानेवारी ते मार्चमध्ये उतरवायचा. मधे डाऊनी, भुरी असे रोग, फुलोऱ्यात पाऊस आला तर घड कुजतात, डिसेंबरमध्ये निफाडकडे पारा पार पाच अंशांच्या खाली जातो तेव्हा मण्यांना तडे जातात म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करायचा, ड्रिपने पाणी सोडायचं. आणि एवढं सगळं निभावलं की मार्चमध्ये गारपीट. "वर्षभर लेकरावानी जपायचं आणि पाच मिनिटांत सगळं खाली," असं म्हणाले. रडगाणं नव्हतं, सरळ सांगितलं.

मी विचारलं, वाईनची द्राक्षं का नाही लावत? तर म्हणाले, लावली होती, काढून टाकली. 2001 ला सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, दहा वर्षं अबकारी शुल्क माफ, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाईन पार्क, गावोगाव वायनऱ्या निघाल्या, शेतकऱ्यांनी करार करून वाईनच्या जाती लावल्या. आणि 2009 च्या सुमाराला मंदी आली, बाटल्या पडून राहिल्या, कंपन्यांनी माल उचलला नाही, पैसे अडकले. वाईनचं द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही, त्याला गिऱ्हाईकच नाही, आणि बेदाणाही होत नाही त्याचा चांगला. मग लोकांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. टेस्टिंग रूममध्ये वाईनचा इतिहास सांगतात तेव्हा हा भाग कोणी सांगत नाही, सांगायला पाहिजे. ग्लासातल्या वाईनची किंमत या लोकांनी पण मोजलीये.

निघताना त्यांनी आईच्या हातात द्राक्षांची पिशवी दिली आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत.

चांदवड. हायवेला लागूनच डोंगरात रेणुकामाता, अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं देऊळ. आईने ओटी भरली, दर्शन शांत झालं. बहुतेक लोक इथूनच परत हायवेला लागतात. गावात जा! गावात होळकरांचा रंगमहाल आहे. बाहेरून बघितलं तर दगडी तटबंदीची गढी वाटते आणि आत कोरीव लाकडी खांब, तुळया, चौक. मुंबई-आग्रा हा जुनाच रस्ता, उत्तरेकडे जायचं तर चांदवडवरून, म्हणून होळकरांनी इथे ठाणं केलं, इथे टाकसाळ होती, चांदोरी रुपया म्हणून इथलं नाणं चालायचं. 1818 ला इंग्रजांनी घेतलं आणि गावाचं महत्त्व गेलं. लाकडावरची नक्षी बघताना मला सारखं वाटत होतं की वाईन बघायला मुंबई-पुण्याहून येणाऱ्या गाड्यांपैकी दहातली एक गाडी जरी इकडे वळली तरी इथे गाईड उभा राहील, चहाची टपरी चालेल, वाड्याकडे लक्ष द्यायला कोणाला तरी कारण मिळेल.

चांदवडहून लासलगावमार्गे विंचूर. लासलगावला कांद्याचे ट्रॅक्टर, हवेत तो वास, काचा बंद केल्या तरी येतो. विंचूर हे विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं गाव, पानिपतातून जिवंत परतलेले पेशव्यांचे सरदार. त्यांच्या विंचूरलाच आता वाईन पार्क आहे. सरदारांचं गाव आणि वाईनचे प्लॉट एकाच नावावर, आणि दोन्हीकडे वेळ काढून थांबणारी माणसं कमी.

येवल्यावर मी वेगळी पोस्ट लिहीन कारण ते एका परिच्छेदात मावणार नाही. एवढंच सांगते की पैठणीच्या दुकानात शिरायच्या आधी गल्लीत शिरा, जिथे घरातच माग आहेत, खटखट ऐकू येते, विचारलंत तर बसवून दाखवतात, काठाची नारळी, पदरावरचा मोर, एकेक धागा. तात्या टोपे इथले. आणि 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली ती याच येवल्यात. मुक्तिभूमीवर जाऊन या, मुलांना घेऊन जा.

परत येताना नाशिकला शिरूच नका. येवल्याहून कोपरगाव, तिथे गोदावरी परत भेटते आणि राघोबादादाही परत भेटतात, त्यांचे शेवटचे दिवस तिथेच गेले, मग संगमनेर गाठून पुण्याचा रस्ता. पक्ष्यांची आवड असेल तर निफाडजवळ नांदूर मध्यमेश्वर धरा मधे, महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, पण ते डिसेंबर-जानेवारीत आणि भल्या पहाटे. काढणी बघायची असेल तर फेब्रुवारी. आणि कुठल्याही बागेत शिरायच्या आधी बांधावरून हाक मारा, फवारणी झालेली असू शकते, घड तोडू नका, विचारलंत तर ते स्वतःच देतील.