आवाज काचेतून नव्हे, फटींतून येत होता

आईची खोली रस्त्याच्या बाजूची. शस्त्रक्रियेनंतर ती घरी आली आणि पहिल्याच रात्री तिच्या झोपेचे हाल दिसले. डोळा लागतो न लागतो तोच खाली एखादी गाडी गिअर बदलायची आणि ती दचकून उठायची. झोपायच्या खोलीत रात्रीचा आवाज सरासरी 30 डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. माझ्या फोनवर 58 दिसत होते. फोनचं मापक अचूक नसतं, पण तोच फोन त्याच जागी ठेवला तर आधीचं आणि नंतरचं ताडून पाहता येतं.

आधी जाड पडदे लावले. खोलीतला घुमारा कमी झाला, रस्ता मात्र होता तसाच. मग जाड काच बसवायची म्हणून सुतारांना बोलावलं. त्यांनी काचेला हातही लावला नाही. म्हणाले, "ताई, काचेचं नंतर बघू. आज रात्री खोलीत अंधार करा आणि गॅलरीतून कुणाला तरी चौकटीवर टॉर्च मारायला सांगा."

भाऊ गॅलरीत उभा राहिला. सरकत्या झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथे प्रकाशाची उभी रेघ उमटली. खालच्या रुळात ठिपके होते. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये, रंगाखाली झाकलेली, जवळजवळ हातभर लांब चीर होती. गॅलरीच्या दाराखालून तर बोटभर उजेड जमिनीवर पसरला होता.

नंतर मी हिशेब केला. एक मीटर बाय एक मीटरच्या खिडकीला चारही बाजूंनी अडीच मिलिमीटरची फट असेल, तर ती भरते खिडकीच्या 1 टक्का. एवढी जागा उघडी असली की काच कितीही भारी असो, आवाज साधारण 20 डेसिबलच्या वर घटत नाही. हवा जिथून येते तिथून आवाज येतोच.

म्हणून फटींपासून सुरुवात केली. भिंतीलगतचा भुसभुशीत गिलावा खरवडून काढला, खोल चिरेत फोमची दोरी दाबली आणि वर सिलिकॉन भरलं. झडपांचे झिजलेले ब्रश बदलले. रुळातली पाणी जायची भोकं मात्र बुजवायची नाहीत, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. दार आतून पोकळ होतं, ते काढून भरीव बसवलं. चौकटीला रबरी पट्टी लावली आणि दार लागताना आपोआप खाली उतरणारी पट्टी तळाशी बसवली. आकडा 51 वर आला.

सरकती खिडकी कितीही बुजवली तरी सरकायला जागा लागतेच. म्हणून तिच्या आतल्या बाजूला, 10 सेंटीमीटर सोडून, बिजागरीची दुसरी खिडकी बसवली. तिची कडी फिरवली की झडप रबरावर आवळून बसते. काच 6.38 मिलिमीटरची लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर. तो थर काचेची थरथर मारतो. दोन खिडक्यांमधलं अंतर मी हट्टाने राखलं. ते फार कमी ठेवलं तर मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि काही खालचे सूर उलट सहज आत येतात. दोन्ही काचांची जाडी वेगळी असलेली बरी, म्हणजे एकीची कमजोरी दुसरी सांभाळून घेते.

आता 42 दिसतात. 30 नाहीत. अवजड ट्रकची घरघर अजून येते, कारण खालच्या सुराचा आवाज अडवायला वजन आणि अंतर दोन्ही भरपूर लागतं. खिडक्या बंद ठेवल्या की खोली कोंदते, त्यामुळे आतलं दार उघडं ठेवून मागच्या शांत बाजूची खिडकी रात्रभर उघडी असते.

परवा पहाटे मी आईच्या खोलीत डोकावले. खाली हॉर्न वाजला. ती कुशीवर वळली आणि झोपून राहिली.