मदेरा: निळ्या मर्लिनच्या मागावर

फुंचालच्या मरीनातून बोट सुटली आणि चहा संपायच्या आत गळ पाण्यात पडलेसुद्धा. मोठ्या माशासाठी तासन्‌तास आत जावं लागतं, असं मी धरून चालले होते. मदेराला ती गरज नाही. पोर्तुगालचं हे बेट म्हणजे अटलांटिकच्या तळातून वर आलेल्या ज्वालामुखीचा माथा, त्यामुळे किनाऱ्यापासून काही किलोमीटरवरच समुद्र हजार मीटरहून खोल होतो. शिवाय ईशान्येचा व्यापारी वारा बेटाच्या डोंगररांगेवर अडतो. त्यातलं पिको रुइवो हे शिखर १८६२ मीटर उंच आहे. त्या आडोशाला दक्षिणेकडचं पाणी उन्हाळ्यात बहुतेक वेळा शांत असतं. १९९० च्या दशकात इथे हजार पौंडांवरचे, म्हणजे साडेचारशे किलोंपेक्षा जड मर्लिन (भाल्यासारख्या लांब चोचीचे मोठे मासे) लागले आणि जगभरचे हौशी गळकरी इकडे धावले.

आम्ही पश्चिमेला निघालो. उजवीकडे कामारा द लोबुशच्या रंगीत होड्या, मग ५८० मीटर उंचीचा काबो जिरांवचा सरळसोट कडा. बोटीच्या दोन्ही बाजूंना लांब काठ्या पसरलेल्या, त्यांवरून दोर मागे सोडलेले. टोकाला खरा मासा नव्हता. रंगीबेरंगी झालरींची प्लॅस्टिकची आमिषं होती. सात-आठ नॉटच्या वेगात ती बुडबुड्यांची शेपटी काढत लाटांतून उड्या मारत येतात. शिवाय गळ नसलेली काही आमिषं नुसती माशाला भुलवायला.

यात बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो आणि मला ते आवडलं. कप्तान वरच्या मजल्यावरून पाण्यापेक्षा पक्ष्यांकडे जास्त बघत होता. कागारा नावाचे समुद्रपक्षी एका जागी घिरट्या घालू लागले की खाली बारीक मासे आहेत, आणि त्यांच्यामागे मोठं कुणीतरी.

दुपारी उजवीकडचा दोर क्लिपमधून सुटला आणि रीळ किंचाळायला लागलं. खलाशांनी बाकीचे दोर भराभर गुंडाळून घेतले, मला खुर्चीत बसवून पट्टे आवळले. शंभरेक मीटरवर मर्लिन पूर्ण बाहेर आली, चोच आकाशाकडे, अंग झटकत. पुढे ताकदीपेक्षा धीर जास्त लागतो. दोर ओढायचा, मासा न्यायला लागला की नेऊ द्यायचा. निम्मं काम कप्तान करतो. बोट उलटी चालवून तो अंतर कमी करतो आणि मागून लाटा डेकवर चढतात. माशाला थकवून मारायचं नसेल तर झुंज लवकर संपायला हवी, म्हणूनच ही धावपळ.

बोटीशी आल्यावर खलाशाने हातमोजे घालून दोराचा शेवटचा जाड भाग धरला. तेव्हा मी तिला जवळून पाहिलं: पाठ जांभळट निळी, कुशीवर विजेच्या दिव्यासारखे पेटलेले निळे पट्टे, आणि बशीएवढा डोळा, जो माझ्याकडेच वळलेला वाटला. कप्तानाच्या अंदाजाने अडीचशे किलो. म्हणजे मादीच. निळ्या मर्लिनमध्ये नर क्वचितच दीडशे किलोंच्या वर जातो; विक्रमाचे सगळे अवाढव्य मासे माद्याच. अशी एक मादी धक्क्यावर टांगली की तिच्यासोबत अंड्यांचा मोठा साठाही जातो.

तिला बाहेर काढलंच नाही. पाठीवरच्या पराशेजारी खुणेची चिठ्ठी टोचली, गळ सोडवला, आणि चोच धरून बोट हळू पुढे नेली, म्हणजे कल्ल्यांतून पाणी खेळतं. रंग परत गडद झाले तशी तिने मान झटकली आणि ती खाली गेली.

अटलांटिकमधल्या निळ्या मर्लिनचा साठा प्रमाणाबाहेर उपसला गेला आहे, असं या महासागरातल्या ट्यूना-वर्गीय मासेमारीवर देखरेख करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आयकॅट सांगते. त्याचं मुख्य कारण हौशी लोक नाहीत. ट्यूना आणि तलवारमाशासाठी सोडलेल्या, मैलोन्‌मैल लांबीच्या दोरांच्या गळांवर मर्लिन आपसूक अडकतात आणि मरतात. तरी आपला वाटा आपण कमी करायलाच हवा, असं मला ठामपणे वाटतं.

जाणार असाल तर जून ते सप्टेंबर धरा, आणि बोट ठरवताना भाड्याच्या आधी दोन गोष्टी विचारा: मासा पाण्यातच सोडता का, आणि आमिषाला एकच गळ लावता का. फोटोसाठी मासा डेकवर घेऊ असं कुणी म्हणालं तर दुसरी बोट बघा.